बारा मिनिटांची मोकळीक : डीजे शॅडोचं 'प्रीएम्प्टिव्ह स्ट्राइक'

काही कलाकारांचं एक काम एवढं गाजतं की त्याच्या आधी त्यांनी जे काही केलं ते सगळं आपोआप "तयारी" या खात्यात जमा होतं. डीजे शॅडो या अमेरिकन हिप-हॉप प्रोड्युसरचं अगदी तसंच झालंय. १९९६ ला 'एंडट्रोड्युसिंग' आला, पूर्णपणे सॅम्पल्सवर, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्ड्सवरून उचललेल्या आवाजाच्या तुकड्यांवर, उभा असलेला पहिला अल्बम म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली, आणि तेव्हापासून इन्स्ट्रुमेंटल, म्हणजे रॅपशिवायच्या, हिप-हॉपचा विषय निघाला की गाडी तिथेच जाऊन थांबते. थांबू दे की, तो अल्बम आहेच तेवढा मोठा. पण १९९८ च्या जानेवारीत 'प्रीएम्प्टिव्ह स्ट्राइक' नावाचं एक कलेक्शन आलं, ज्यात त्याची १९९३ ते १९९७ मधली सिंगल्स एकत्र केली आहेत, आणि ते बऱ्याच लोकांच्या लेखी "फॅन असाल तर ऐका" टाइपची गोष्ट आहे. मला हे बिलकुल पटत नाही. उलट मी तर म्हणेन की या माणसाचं सगळ्यात मोकळं, सगळ्यात बेधडक काम इथेच आहे, आणि ते पुढच्या मोठ्या अल्बमची पायरी म्हणून ऐकलं की त्यातली अर्धी मजा निघून जाते.

आधी हे नेमकं आहे काय ते सांगते. शॅडोची सुरुवातीची सिंगल्स लंडनच्या मो'वॅक्स या लेबलवर बारा इंची रेकॉर्डवर निघाली होती, म्हणजे अमेरिकेतला हा पोरगा आणि त्याच्या रेकॉर्ड्स मात्र ब्रिटनमधून इंपोर्ट होऊन त्याच्याच देशात परत येणार, ज्याला मिळाल्या त्याला मिळाल्या. 'एंडट्रोड्युसिंग' गाजल्यावर अमेरिकेतल्या लोकांना हे सगळं एका सीडीवर मिळावं म्हणून हे कलेक्शन काढलं. एकूण ११ ट्रॅक. त्यातले तीन तर अगदी छोटे, मधले दुवे म्हणून टाकलेले. उरलेल्या आठात १९९३ चं सिंगल 'इन/फ्लक्स' आणि त्याच्या मागच्या बाजूचं 'हाइंडसाइट', मग 'व्हॉट डज युअर सोल लुक लाइक' या ईपीचे (सिंगलपेक्षा मोठी, अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) चारही भाग, आणि शेवटी १९९७ चं 'हाय नून' व 'ऑर्गन डोनर'चं वाढवलेलं रूप. बस. नवीन असं जवळजवळ काहीच नाही. तरी ऐकताना जुन्या वस्तू गोळा करून मांडल्यासारखं वाटत नाही, सलग रचलेलं काहीतरी वाटतं, त्याचं कारण पुढे सांगतेच.

शॅडो म्हणजे जॉश डेव्हिस. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या युनिव्हर्सिटीच्या गावात वाढला, गाव आणि आडनाव एकच हा निव्वळ योगायोग. तिथल्या केडीव्हीएस या कॅम्पस रेडिओभोवती हिप-हॉपवेड्या पोरांचं एक टोळकं जमलं, त्यातूनच सोलसाइड्स हे छोटं लेबल उभं राहिलं, लिरिक्स बॉर्न, लतीफ, ब्लॅकलिशसमधले चीफ एक्सेल आणि गिफ्ट ऑफ गॅब हे सगळे त्यातले. म्हणजे न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस पण नाही, हिप-हॉपच्या नकाशावर जिथे कोणी बोट ठेवणार नाही अशा ठिकाणी बसून हा मुलगा रेकॉर्ड्स जमवतोय, दिवसदिवस ऐकतोय, आणि चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर तुकड्याला तुकडा जोडतोय. १९९१ ला त्याचं 'लेसन ४' आलं, ते नावच डबल डी आणि स्टाइन्स्की या सॅम्पलिंगवाल्या जोडीच्या ऐंशीच्या दशकातल्या 'लेसन' मालिकेवरून घेतलेलं, त्यांचे तीन लेसन झाले होते, याने चौथा लिहिला. गुरूंना यापेक्षा चांगला नमस्कार काय असणार! इकडे लंडनमध्ये जेम्स लव्हेल नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने १९९२ ला मो'वॅक्स सुरू केलं होतं, त्याच्या कानावर शॅडोचं काम गेलं आणि १९९३ ला 'इन/फ्लक्स' निघालं. एक विशी-एकविशीतला, दुसरा तर अजून लहान. दोघांनाही "हे असं चालत नाही" हे सांगणारं वरती कोणी नव्हतं, आणि मला वाटतं या कलेक्शनमधली सगळी ताकद तिथूनच येते.

कारण तेव्हा इन्स्ट्रुमेंटल हिप-हॉप म्हणजे काय होतं, तर रॅपच्या सिंगलची मागची बाजू. गाण्यातून रॅपर काढून टाकायचा, उरलेला बीट डीजेच्या सोयीसाठी रेकॉर्डवर द्यायचा. तो बीट चार मिनिटं तसाच फिरत राहतो कारण त्याचं काम रॅपरला मागून आधार द्यायचं आहे, स्वतःहून काही सांगायचं नाहीये. 'इन/फ्लक्स' बारा मिनिटांचं आहे! आणि त्यात रॅपर नाहीच, कधीच नव्हता. लय मध्येच बदलते, ड्रम गायब होतात, व्हायोलिनसारखे सूर वर येतात, कुणाच्या तरी जुन्या भाषणाचे बोलण्याचे तुकडे येऊन जातात, मग कुठून तरी जाडजूड बेस परत येतो आणि आपण पुन्हा जमिनीवर. ब्रिटनच्या मिक्समॅग मासिकाने १९९४ ला याच ट्रॅकबद्दल लिहिताना "ट्रिप हॉप" हा शब्द वापरला आणि मग तो शब्द जो सुटला तो सुटलाच, ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरातल्या बँड्सपासून सगळ्यांना चिकटला. ते असो. मला त्या लेबलपेक्षा त्या लेखकाने जे ऐकलं ते महत्त्वाचं वाटतं, म्हणजे हे संगीत एका जागी उभं राहून फिरत नाही, ते कुठेतरी निघालंय.

आता हे बनवलं कशावर? शॅडोचं मुख्य हत्यार म्हणजे अकाईचं एमपीसी ६०. रॉजर लिन यांनी डिझाइन केलेलं, १९८८ ला बाजारात आलेलं सॅम्पलर, समोर चार ओळींत चार-चार अशी सोळा रबरी पॅड्स. रेकॉर्डवरचा आवाज आत घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक पॅडवर एक तुकडा लावायचा आणि बोटांनी वाजवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण या मशिनची मेमरी किती, तर १३ सेकंदांच्या आसपास, वाढवली तर साधारण २६. सेकंद बरं का, मिनिटं नाहीत. आज फोनवर आपण विचार न करता तासभराचं रेकॉर्डिंग करतो, आणि इथे माणूस सेकंदाच्या दशांशाचा हिशोब करतोय की ही किक (मोठ्या ड्रमचा जड ठोका) किती लांब ठेवू, तिची शेपटी कापू का, ही स्नेअर (कडक आवाजाच्या ड्रमचा ठोका) अजून छोटी केली तर चालेल का. शिवाय बारा बिटचं सॅम्पलिंग, त्यामुळे आवाजाला एक खरखरीत, भरलेला पोत येतो, तो नंतर लोकांनी हजारो रुपयांच्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम आणायचा प्रयत्न केला. आणि आवाज खालच्या पट्टीत उतरवला की तो संथ पण होतो आणि जड पण, शॅडोच्या ड्रम्सना जे वजन आहे त्यातलं बरंचसं या उतरवण्यातून आलंय.

मला यातली एक गोष्ट फार जवळून ऐकावीशी वाटते, तुम्हीही हेडफोन लावून ऐकून बघा. जुन्या फंक किंवा रॉक रेकॉर्डवरच्या ड्रम ब्रेकचे, म्हणजे फक्त ड्रम वाजतात त्या भागाचे, जेव्हा तुकडे करतात ना, तेव्हा प्रत्येक तुकड्यात फक्त तो एक ठोका येत नाही. स्नेअरच्या तुकड्यात आधीच्या हाय-हॅटचा (ड्रमच्या झांजांच्या जोडीचा) थोडासा उरलेला सळसळाट असतो, किकच्या तुकड्यात त्या खोलीचा घुमारा असतो, आणि सगळ्याच्या खाली रेकॉर्डची बारीक चरचर. आता हे तुकडे तुम्ही वेगळ्या क्रमाने वाजवलेत की काय होतं, प्रत्येक ठोक्याबरोबर त्याच्या जुन्या शेजाऱ्याची सावली पण येते, पण शेजारी आता बदललेला आहे. म्हणून तो ठेका एकाच वेळी खरा ड्रमर वाजवतोय असा पण वाटतो आणि कुठलाच ड्रमर असं वाजवणार नाही असा पण वाटतो. शॅडो त्याच्यात अजून एक करतो, स्नेअरचे जे हलके, दबलेले ठोके असतात, ज्याला ड्रमर लोक घोस्ट नोट म्हणतात, ते तो फेकून देत नाही. साधा प्रोड्युसर काय करेल, मोठी किक मोठी स्नेअर उचलेल आणि दणादण लावेल. हा मात्र ते दबलेले ठोके पण पॅडवर ठेवतो आणि दर दोन-चार आवर्तनांनी त्यांची जागा हलवतो. त्यामुळे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, समेवर येतो तेव्हा आपल्याला माहीत असतं की आला, पण कुठल्या वाटेने आला ते दरवेळी वेगळं असतं. सुरुवातीच्या ट्रॅक्समध्ये हे कमी आहे, नंतरच्यांमध्ये प्रचंड, आणि हे कलेक्शन ओळीने ऐकलं की एका माणसाचा हात या बाबतीत कसा सुटत गेला ते सरळ कानाला कळतं.

'हाइंडसाइट'बद्दल फार बोलत नाही. छान आहे, सातेक मिनिटांचं आहे, 'इन/फ्लक्स'च्या धावपळीनंतर बसायला जागा देतं. पण या कलेक्शनचा गाभा म्हणजे तो चार भागांचा 'सोल'. त्याच्यासाठी मला जरा वेळ घ्यायचाय.

'व्हॉट डज युअर सोल लुक लाइक' हे मुळात स्वतंत्र ईपी होतं, चारही भाग मिळून अर्ध्या तासाच्या वर जातं, आणि त्यांचा क्रम दोन, तीन, चार, एक असा आहे. मूळ ईपीवर पण हाच क्रम, इथे पण तोच. म्हणजे "भाग एक" शेवटी येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल की सीडीवर छापताना गडबड झाली. पण ऐकल्यावर कळतं की ते असंच हवं होतं. भाग दोन जवळपास चौदा मिनिटांचा, अंधारातून चाचपडत जाणारा, त्याला कसलीच घाई नाही. ड्रम आहेत, पण ते राज्य करत नाहीत, ते येतात, थोडा वेळ बसतात, निघून जातात. चौदा मिनिटं बीटवर आधारलेलं संगीत करायचं आणि श्रोत्याला एकदाही "चला आता पुढे" असं वाटू द्यायचं नाही हे किती कठीण आहे! बहुतेक प्रोड्युसर लोक कंटाळा येईल या भीतीने दर सोळा बारला (आवर्तनांना) काहीतरी नवीन टाकतात. शॅडो उलटं करतो, तो एक गोष्ट एवढा वेळ समोर ठेवतो की तुम्ही तिच्याकडे बघणं सोडून तिच्या आत बघायला लागता, आणि मगच तो दुसरी आणतो. विलंबितात गाणारा गवई जसा एकेक सूर लावून धरतो, पुढच्या सुराची वाट बघायला लावतो, तसला हा धीर आहे, आणि तो विशीतल्या मुलाकडे आहे याचं मला दर वेळी नवल वाटतं.

भाग तीन छोटा, पाचेक मिनिटांचा, तो मला पुलासारखा वाटतो, त्याच्यावर जास्त वेळ घालवत नाही. भाग चार आला की मात्र सगळं जमून येतं. इथला ठेका ठाम आहे, बेस गोल आहे, आणि मनात एक विचित्र शांतता पसरते, उदास म्हणावं तर उदास नाही, आनंदी तर नाहीच. आणि मग शेवटी भाग एक. यात तो सॅक्सोफोन आहे, हीथ ब्रदर्सच्या 'द व्हॉइस ऑफ द सॅक्सोफोन' या जॅझ रेकॉर्डवरून घेतलेला. सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं... म्हणजे सव्वीस तरी असतील, आपण या संथ अंधाऱ्या पाण्यात पोहतोय आणि मग हा सॅक्सोफोन येतो, तो इतका माणसाचा वाटतो की बस. एक खरा माणूस, खरा श्वास. मूळ जॅझ ट्रॅक मी नंतर ऐकला, सुंदर आहे, पण तिथे तो सॅक्सोफोन एका जॅझ ग्रुपमध्ये आहे, त्याच्या घरी आहे. इथे तो एवढ्या लांबच्या प्रवासानंतर भेटतो म्हणून त्याचा अर्थच बदलतो. सॅम्पलिंगला "दुसऱ्याचं उचलणं" म्हणणाऱ्यांनी हे दोन्ही एकापाठोपाठ ऐकावं एवढंच माझं म्हणणं. सूर तेच, पण कुठे ठेवले, कशाच्या नंतर ठेवले, यात सगळी कला आहे.

आता 'एंडट्रोड्युसिंग' ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत असेल, यातले भाग चार आणि भाग एक त्या अल्बमवर पण आहेत. भाग चार तिथे जवळपास दोन मिनिटांनी लहान केलाय आणि भाग एक 'ब्लू स्काय रिव्हिजिट' या नावाने, नव्या रूपात, अल्बमच्या शेवटी आहे. आणि इथेच मला जे म्हणायचंय ते नीट दिसतं. अल्बमवरचा भाग चार घट्ट आहे, नेमका आहे, आधीच्या आणि नंतरच्या ट्रॅकच्या मध्ये बरोबर बसतो. पण कलेक्शनवरचा भाग चार ऐका, त्याला हातपाय पसरायला जागा आहे. त्या जास्तीच्या दोन मिनिटांत फार काही "घडत" नाही, पण ती काढली की ट्रॅकचा स्वभाव बदलतो, तो एका मोठ्या गोष्टीतला प्रसंग होऊन जातो. इथे तो स्वतःच गोष्ट आहे. अल्बमला सगळ्यांचा विचार करावा लागतो, किती मिनिटं, कशानंतर काय, कुठे वेग वाढवायचा. बारा इंची सिंगलला तसलं ओझं नसतं. एक बाजू तुमची, सुई ठेवली की ती बाजू संपेपर्यंत काय करायचं ते करा. म्हणून 'इन/फ्लक्स' बारा मिनिटांचं होऊ शकलं आणि भाग दोन चौदा मिनिटांचा. हे लांब ट्रॅक "अजून कापायला शिकला नव्हता" म्हणून लांब नाहीत, त्या रेकॉर्डच्या आकाराने दिलेली मोकळीक त्याने पूर्ण वापरली म्हणून लांब आहेत. नंतर त्याने स्वतः परत एवढं लांब क्वचितच काही केलं.

एक काळाचा संदर्भ पण लक्षात ठेवायला पाहिजे. १९९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात सॅम्पलिंगच्या केसचा निकाल लागला, गायक गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा विनापरवाना वापरला म्हणून, आणि न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच "चोरी करू नकोस" या बायबलमधल्या आज्ञेने केली. त्यानंतर लेबलवाले घाबरले. ओळखीच्या गाण्याचा मोठा लूप घ्यायचा तर परवानगी आणि पैसे दोन्ही मोजा. ऐंशीच्या शेवटाला जे थरावर थर रचलेले, डझनावारी सॅम्पल्सचे रॅप अल्बम निघत होते ते त्यानंतर तसे निघणं अवघड झालं. अशा वेळी शॅडो काय करतो, तर कोणालाच माहीत नसलेल्या रेकॉर्ड्सकडे जातो. ते त्याने कोर्टाच्या भीतीने केलं असं मी म्हणणार नाही, त्याला मुळातच विस्मरणात गेलेल्या रेकॉर्ड्सचं वेड होतं. सॅक्रामेंटोतल्या एका जुन्या दुकानाच्या तळघरात छतापर्यंत रचलेल्या रेकॉर्ड्सच्या ढिगांमध्ये बसून तो शोधायचा, 'स्क्रॅच' या २००१ च्या डॉक्युमेंटरीत ते तळघर दाखवलंय, आणि तो तिथे बसून ही एका अर्थी मोडलेल्या स्वप्नांची रास आहे अशा अर्थाचं बोलतो. ते ऐकल्यापासून माझं या संगीताकडे बघणं बदललं. कारण खरंच आहे ते, त्या ढिगातल्या प्रत्येक रेकॉर्डमागे कोणीतरी पैसे जमवून स्टुडिओ बुक केला असेल, कोणीतरी ड्रमर त्या दिवशी मन लावून वाजवला असेल, आणि मग ती रेकॉर्ड कोणी घेतलीच नसेल. त्यातली चार सेकंदं वीस-पंचवीस वर्षांनी एका ट्रॅकचा कणा होतात. त्या ड्रमर लोकांना याचे पैसे मिळायला हवेत, नावं मिळायला हवीत, याबद्दल माझं मत पक्कं आहे, आणि हिप-हॉपने या बाबतीत खूप जणांचं देणं ठेवलंय. पण ऐकलं जाणं, ही पण एक गोष्ट आहे, आणि ती शॅडोने अनेकांना दिली.

बरं, त्या तीन छोट्या ट्रॅक्सबद्दल. 'स्ट्राइक १', 'स्ट्राइक २' आणि 'स्ट्राइक ३ (अँड आय'म आउट)'. बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, त्यावरून. हे सेकंदांचे तुकडे आहेत, पण त्यांनी कलेक्शनचे तीन कप्पे पाडलेत. पहिल्यात १९९३ चं सिंगल, दुसऱ्यात 'सोल'चे चार भाग, तिसऱ्यात १९९७ चं काम. म्हणजे तारखांच्या क्रमाने आहे, पण प्रत्येक कप्प्याचं दार वेगळं. बरीच कलेक्शन्स म्हणजे नुसती फाइल केलेली कागदपत्रं असतात, ट्रॅक एकामागून एक, संपलं. इथे कोणीतरी बसून विचार केलाय की एक सिंगल संपून दुसरं सुरू होताना मधल्या काही वर्षांची जाणीव श्रोत्याला कशी द्यायची. एवढ्याशा गोष्टीने सगळ्याला आकार आलाय.

आणि तिसरा कप्पा उघडला की झटका बसतो. अर्धा तास त्या संथ पाण्यात काढल्यावर 'हाय नून' अंगावर येतं, गिटार, दणदणीत ड्रम, चार मिनिटांत खेळ खल्लास. हे 'एंडट्रोड्युसिंग' नंतरचं काम आहे, आणि ऐकू येतं ते. आता याला काय करायचं ते पूर्ण माहीत आहे. ड्रम्सचं प्रोग्रॅमिंग तर असं की मी वर म्हटलं ते घोस्ट नोट्सचं प्रकरण इथे पूर्ण वेगात, रॉकच्या ताकदीने चाललंय. काही जणांना हा ट्रॅक इथे खटकतो, मूड मोडतो म्हणतात. मला मोडलेला आवडतो. पाच वर्षांचं काम एका जागी ठेवायचं आणि शेवटपर्यंत एकच मूड ठेवायचा म्हणजे त्या माणसात काही बदल झालाच नाही असं सांगणं.

शेवटचा ट्रॅक 'ऑर्गन डोनर'चं वाढवलेलं रूप. 'एंडट्रोड्युसिंग'वर हा दोन मिनिटांच्या आत संपतो, आत्ता सुरू झाला म्हणेपर्यंत गायब, आणि लोकांची नेहमी तक्रार की अरे अजून पाहिजे. इथे तो दुपटीहून मोठा आहे. यातला तो ऑर्गन जॉर्जिओ मोरोडरच्या १९७२ च्या 'टिअर्स'मधून आलाय. मोरोडर म्हणजे डिस्कोचा बादशाह, पण हे त्याच्या डिस्कोच्या आधीचं, थोडं विचित्र, चर्चमध्ये वाजावं तसं काहीतरी. शॅडोने त्या ऑर्गनचे तुकडे पॅडवर पसरले आणि अक्षरशः एखादा वेगळाच वादक त्या वाद्यावर बसल्यासारखा तो सोलो वाजवला, पटापट, वर-खाली, मध्येच अडखळून परत धावत. मूळ रेकॉर्डवर असा सोलो नाही. तो वाजवणारा ऑर्गनवाला अस्तित्वातच नाही! छोट्या रूपात आपण फक्त चकित होतो आणि संपतं. मोठ्या रूपात ऑर्गन थांबतो, ड्रम एकटे पडतात, स्क्रॅचिंग (रेकॉर्ड हाताने मागेपुढे फिरवून काढलेला आवाज) येतं, आणि मग ऑर्गन परत येतो तेव्हा आपण त्याची वाट बघत असतो. चकित होणं आणि वाट बघणं यात फार फरक आहे. म्हणून माझ्यासाठी हेच खरं रूप, अल्बमवरचं म्हणजे त्याची झलक.

काय राहिलं, तर एक मोठी गोष्ट राहिली. १९९४ चं 'लॉस्ट अँड फाउंड' यात नाहीये, जे जपानच्या डीजे क्रशच्या 'केमुरी' बरोबर एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंवर निघालं होतं. मो'वॅक्सच्या त्या काळातलं ते माझं सगळ्यात आवडतं काम आणि 'इन/फ्लक्स' ते 'सोल' हा जो मधला रस्ता आहे तो त्याच्याशिवाय अपुरा वाटतो. 'लेसन ४' पण नाही, पण ते समजू शकते, ते मो'वॅक्सच्या आधीचं, वेगळ्या लेबलचं, आणि जातकुळी पण वेगळी, पार्टीची. 'लॉस्ट अँड फाउंड' मात्र असायलाच हवं होतं. मी ऐकताना 'हाइंडसाइट' नंतर, 'स्ट्राइक २' च्या आधी ते घालते, आणि ते तिथे असं बसतं की जणू ती जागा त्याच्यासाठीच रिकामी सोडली होती. तुम्ही पण करून बघा.

आणि ज्यांना जुनी सीडी मिळेल त्यांनी बघावं की आत दुसरी डिस्क आहे का. त्यावर 'कॅमल बॉबस्लेड रेस' आहे, क्यू-बर्टने शॅडोच्याच रेकॉर्ड्स घेऊन केलेला वीस मिनिटांच्या वरचा मेगा मिक्स. क्यू-बर्ट म्हणजे इन्व्हिजिबल स्क्रॅच पिकल्झवाला, स्क्रॅचिंगमध्ये जगात ज्याचं नाव पहिल्या दोन-तीनांत घेतात तो. शॅडोने दुसऱ्यांच्या रेकॉर्ड्सचं जे केलं तेच क्यू-बर्टने शॅडोच्या रेकॉर्ड्सचं केलंय, उचलल्या, फाडल्या, उलट्यापालट्या केल्या, आणि स्वतःचं काहीतरी उभं केलं. ते मुख्य डिस्कला जोडून लगेच ऐकू नका, कान थकलेले असतात. वेगळ्या दिवशी, आवाज जरा मोठा ठेवून ऐका.